वनखात्यानंच पाडलेलं लाकडाचं संग्रहालय, आणि आपला थिबा पॅलेस

पोस्ट मोठी आहे. रत्नागिरीकरांनी तरी शेवटपर्यंत वाचा, कारण सुरुवात थायलंडात होते पण हिशोब आपल्या गावात येऊन थांबतो.

जून 2020 आठवा. 3 तारखेला निसर्ग वादळ येऊन गेलं होतं, दापोली-मंडणगडात कौलं, पत्रे, नारळी-पोफळी सगळं आडवं झालं होतं. वर कोरोना. अशा दिवसांत उत्तर थायलंडातल्या ‘फ्रे’ नावाच्या गावात काय झालं याच्याकडे आपलं लक्ष जाणं शक्यच नव्हतं. तिथे योम नदीच्या काठी चेतवन नावाचं सरकारी वृक्षोद्यान आहे. त्यात एक दुमजली लाकडी बंगला उभा होता. सव्वाशे वर्षांहून जुना. एके काळी लाकूड कंपनीचं ठाणं, मग वनखात्याची मालमत्ता, आणि शेवटी त्या भागातल्या सागवानी व्यापाराचा आणि वनविद्येचा इतिहास दाखवणारं छोटंसं संग्रहालय. या बंगल्याच्या दुरुस्तीसाठी सरकारी पैसे मंजूर झाले. कंत्राट निघालं. आणि गावातल्या लोकांनी जाऊन बघितलं तर बंगलाच नाही! रिकामी जागा आणि लाकडांचा ढीग.

पाडला कुणी? उद्यान ज्याच्या ताब्यात होतं त्या राष्ट्रीय उद्यान खात्यानं. हे खातं थायलंडच्या वनखात्यातूनच 2002 साली वेगळं झालेलं. म्हणजे जंगलाचा आणि लाकडाचा इतिहास जपायची जबाबदारी ज्यांची, त्यांनीच तो भुईसपाट केला. ‘दुरुस्ती’ या नावाखाली.

आता त्या इमारतीचं नाव सांगतो. ‘बॉम्बे बर्मा’. हो, आपलंच बॉम्बे. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन. 1863 साली मुंबईत वॉलेस बंधूंनी उभी केलेली कंपनी. ब्रह्मदेशातला साग तोडायचा आणि विकायचा, हा धंदा. कंपनी आजही आहे, वाडिया समूहात, शेअर बाजारात तिचा भाव रोज बघायला मिळतो. आपण चहात बुडवतो ती ब्रिटानियाची बिस्किटं ज्या कंपनीची, त्या कंपनीचे मोठे भागधारक हेच. यात आजच्या मालकांना शिव्या घालायचा हेतू नाही, त्यांनी ती बऱ्याच नंतर घेतली. पण नाव लक्षात ठेवा, कारण रत्नागिरीत थिबा राजा आला तो याच नावामुळे.

शाळेत आपल्याला काय शिकवलं? ब्रह्मदेशाचा राजा, इंग्रजांनी पकडून आणला, इथे ठेवला. बस्स. का आणला, ते कुणी सांगितलं नाही. आणि राजाबद्दल गावात ज्या गोष्टी चालतात त्या तुम्हाला माहीत आहेतच: माणकं, राण्यांचे रुसवे, कर्ज करून केलेला थाटमाट. पर्यटकांनाही हेच आवडतं.

खरी गोष्ट लाकडाच्या मोजणीची आहे. थिबाच्या राज्यात, म्हणजे वरच्या ब्रह्मदेशात, बॉम्बे बर्माकडे सागाच्या जंगलांचे ठेके होते. राजाला दर ओंडक्यामागे पैसे मिळायचे. 1885 साली राजाच्या दरबारी मंडळानं कंपनीवर ठपका ठेवला की तुम्ही ओंडके नेले जास्त आणि दाखवले कमी, शिवाय स्थानिक तोडणाऱ्यांचे पैसे थकवले. दंड ठोकला, सुमारे 23 लाख रुपये. कंपनी म्हणाली आरोप खोटे. प्रकरण इंग्रज सरकारकडे गेलं. ऑक्टोबरमध्ये राजाला निर्वाणीचा खलिता, नोव्हेंबरच्या मध्याला इरावती नदीतून बोटी वर निघाल्या आणि महिना संपायच्या आत मंडाले पडलं. पंधरा-एक दिवसांत राज्य खलास. 1 जानेवारी 1886 ला ब्रह्मदेश साम्राज्याला जोडल्याचं जाहीर झालं आणि त्याच एप्रिलात मद्रासमार्गे थिबा रत्नागिरीला पोचला.

नुसत्या ओंडक्यांसाठी युद्ध झालं असं मी म्हणत नाही. फ्रेंच तिथे हातपाय पसरत होते, इंग्रजांना चीनकडे जाणारा व्यापाराचा रस्ता हवा होता, लंडनमधलं राजकारण होतं. पण निमित्त कोणतं घेतलं? मुंबईच्या लाकूड कंपनीला झालेला दंड. लाकडाची खोटी मोजणी केली असा आरोप ज्यांच्यावर, ते राहिले. आणि मोजणी मागणारा राजा तीस वर्षं आपल्या गावात समुद्राकडे बघत बसला. 1910 ला त्याच्यासाठी राजवाडा पूर्ण झाला, 1916 च्या डिसेंबरात तो गेला. म्हणजे ज्याला आपण थिबा पॅलेस म्हणतो तिथे तो जेमतेम सहा वर्षं राहिला. आधीची चोवीस वर्षं दुसऱ्या बंगल्यांत.

त्याच काळात ही कंपनी शेजारच्या सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, उत्तरेच्या सागवानी जंगलांत शिरली. फ्रे हे त्या जंगलांचं एक मोठं ठाणं. तिथे तिनं बंगला बांधला. तोच हा, 2020 साली पाडलेला.

म्हणजे एकाच ओंडक्याची ही दोन टोकं आहेत. एक टोक फ्रे गावात, दुसरं रत्नागिरीत.

त्या बंगल्यातून चालणारा धंदा कसा होता तेही सांगतो, कारण असल्या संग्रहालयांमध्ये बघण्यासारखं खरं हेच असतं. ओला साग पाण्यात तरंगत नाही. म्हणून उभ्या झाडाच्या बुंध्याभोवती साल आणि आतलं ओलं लाकूड गोल कापून काढायचे. झाड जागेवरच मरतं. मग दोन-तीन वर्षं ते तसंच उभं वाळू द्यायचं. वाळलं की पाडायचं, ओंडके करायचे, त्यावर कंपनीच्या शिक्क्याचा हातोडा मारायचा. मग हत्ती. डोंगरातून ओढ्यापर्यंत ओंडका हत्तीनं ओढायचा, आणि पावसाळ्यात ओढ्याला पाणी येईपर्यंत वाट बघायची. पाऊस कमी झाला तर ओंडका तिथेच, पुढच्या वर्षापर्यंत. पुढे मोठ्या नदीत तराफे बांधायचे. योम जाऊन मिळते नान नदीला, नान चाओ फ्रायाला, आणि चाओ फ्राया बँकॉकला. झाड मारल्यापासून लाकूड जहाजावर चढेपर्यंत कित्येक वर्षं जायची. इतकी वर्षं पैसा अडकवून ठेवणं कुणाला परवडतं? मोठ्या भांडवलवाल्याला. म्हणून गावातला छोटा लाकूडवाला बाजूला पडला आणि कंपन्या राहिल्या. मजूर कोण? लाओसच्या डोंगरातून आलेले खमू, शान, करेन. त्यांची नावं अशा बंगल्याच्या भिंतीवर कधी लागत नाहीत. साहेबाचा पाइप आणि हत्तीचा फोटो लागतो.

इथे माझं पहिलं भांडण. वनविद्येचं संग्रहालय म्हटलं की लाकडाचे नमुने, झाडाच्या वर्तुळांचा मोठा काप, जुनी करवत, साहेबाची टोपी, आणि ‘शास्त्रशुद्ध वनव्यवस्थापनाची परंपरा’ असा फलक. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सातशे वर्षांच्या देवदाराचा काप आहे, तो बघताना छाती दडपते, मी नाही म्हणत नाही. जरूर जा. पण वनखातं म्हणून जे काही या सगळ्या देशांत उभं राहिलं ते कुठून आलं? ब्रांडिस साहेब 1856 ला नेमला गेला तो ब्रह्मदेशातल्या सागासाठी. मग त्यालाच 1864 ला हिंदुस्थानचा पहिला मुख्य वनाधिकारी केला. 1865 आणि 1878 चे वनकायदे त्यानंतर आले, आणि आपल्याकडच्या कातकऱ्याला, गोंडाला, कोरकूला स्वतःच्या जंगलात चोर ठरवलं ते याच कायद्यांनी. सयामनं 1896 ला वनखातं काढलं तेव्हा पहिला प्रमुखही इंग्रज, हर्बर्ट स्लेड, ब्रह्मदेशातून आणलेला. म्हणजे खातं जन्मलं ते लाकडाच्या वखारीशेजारी. जंगल राखायला की लाकूड संपू नये म्हणून, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. वाईटच सगळं झालं असंही नाही. मोजणी, लागवड, तोडीवर बंधनं हे काम त्यांनी केलं. पण संग्रहालयात फक्त दुसरी बाजू लावायची आणि पहिली माळ्यावर टाकायची, हे चालणार नाही. थायलंडनं तरी शेवटी काय केलं? 1988 च्या नोव्हेंबरात दक्षिणेत पूर आला, उघड्या पडलेल्या डोंगरांवरून चिखल आणि तोडलेले ओंडके गावांत घुसले, शेकडो माणसं मेली. 1989 च्या जानेवारीत नैसर्गिक जंगलातली व्यापारी तोड देशभर बंद करावी लागली. शंभर वर्षांच्या ‘व्यवस्थापना’चा तो निकाल. हा शेवटचा फलक लावल्याशिवाय कुठलंही वनसंग्रहालय पुरं होत नाही.

आणि याच कारणासाठी तो बंगला हवा होता. कारण संग्रहालयातली सगळ्यात मोठी वस्तू तो बंगलाच होता. आतले फोटो दुसरीकडे टांगता येतात. पण कंपनीचा साहेब कुठल्या व्हरांड्यात बसून नदीतून जाणारे ओंडके मोजायचा, जमिनीच्या फळ्या किती रुंद, म्हणजे किती जुन्या झाडांच्या, हे सगळं घर सांगतं. घर गेलं की पुरावा गेला.

पाडल्यावर अधिकाऱ्यांनी काय सांगितलं असेल, अंदाज करा. बरोबर. पाया आणि लाकूड खराब झालं होतं, म्हणून सोडवून पुन्हा तसंच बांधणार होतो. हे वाक्य कुठल्याही भाषेत सारखंच ऐकू येतं. इमारत वारसा म्हणून नोंदलेली नव्हती. तिथलं पुरातत्त्वाचं काम बघणारं ललितकला खातं म्हणालं, आम्हाला विचारलंच नाही. विचारणार कशाला? निधी आला, वर्ष संपायच्या आत खर्च दाखवायचा, अंदाजपत्रक तयार. बाकी दुनियेशी काय घेणं.

कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. आपल्या जुन्या घराचा एक वासा कुजला तर आपण काय करतो? सुताराला बोलावतो, टेकू देतो, तो वासा काढून दुसरा घालतो. रिपा बदलतो, कौलं चाळतो. तुळईला वाळवी लागली तर तेवढा भाग कापून जोड देतो. घर पाडत नाही! आणि पाडायचीच वेळ आली, तर जाणता सुतार प्रत्येक लाकडावर खूण करून ठेवतो, कुठला खांब कुठे होता याची. फ्रे गावात नुसता ढीग होता. लोकांनी नेमकं हेच विचारलं: लाकडांवर आकडे कुठे आहेत? आराखडा कुठे आहे?

त्या लोकांचं मला फार कौतुक वाटतं. विचार करा, तो बंगला त्यांच्या बापजाद्यांचा नव्हता. उलट त्यांचं जंगल ओरबाडणाऱ्यांचा. ‘गोऱ्यांचं घर गेलं, बरं झालं’ असं म्हणून ते गप्प बसू शकले असते. ते रडले, भांडले, जागेवर जाऊन उभे राहिले, फोटो देशभर पोचवले. मंत्र्यांना चौकशी लावावी लागली, स्थानिक अधिकाऱ्याची बदली झाली, आणि उरलेल्या लाकडांतून बंगला परत उभारायचं सरकारला कबूल करावं लागलं. पुन्हा बांधलेलं घर जुनं होत नाही हे त्यांनाही कळतं. पण गाव गप्प बसलं असतं तर तिथे आज सिमेंटचा हॉल आणि सेल्फी पॉइंट असता.

आता आपल्याकडे या.

थिबा पॅलेसचं आत्ता काही पाडकाम निघालंय असं मी म्हणत नाही. अफवा पसरवू नका. इमारत पुरातत्त्व खात्याकडे आहे, आत संग्रहालय आहे, म्हणजे फ्रेपेक्षा आपली बाजू नक्कीच भक्कम. पण जांभ्याची आणि सागवानाची इमारत, खाली भाट्याची खाडी, वर्षाचे चार महिने धो धो पाऊस आणि बाकी आठ महिने खारं वारं. अशा वास्तूला सतत दुरुस्ती लागणार, आज ना उद्या मोठं काम निघणारच. तेव्हा कोण काय करतंय हे आपल्याला कळणार कसं? आपल्याकडे ‘सुशोभीकरण’ हा शब्द आला की मला धडकी भरते. किल्ल्यावर पेव्हर ब्लॉक, तळ्याला रंगीत लाइट, देवळाच्या जुन्या लाकडी मंडपाच्या जागी ग्रॅनाइट. हे वाईट माणसं करतात असं नाही. हौसेनं करतात, वर्गणी काढून करतात, आणि उद्घाटनाला आपणच टाळ्या वाजवतो.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. अशा वास्तूचं कुठलंही काम निघालं की सुरू होण्याआधी दारावर मराठीत फलक लागावा. काय बदलणार, काय ठेवणार, कोणतं लाकूड काढणार, काढलेलं कुठे ठेवणार, खर्च किती, जबाबदार वास्तुतज्ज्ञ कोण. पोटमजल्याच्या फळीपर्यंत सगळ्याचे फोटो आणि मापं आधी घ्या. सरकारी रस्त्याच्या कामाला असा फलक लावायचा नियम आहेच ना? मग राजवाड्याला का नको?

आणि दुसरी मागणी, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. पॅलेसमधलं एक दालन सागाला द्या. मंडालेपासून फ्रेपर्यंतच्या त्या जंगलांचा नकाशा, ओंडक्याचा प्रवास, कंपनीला झालेला दंड आणि त्याचं झालेलं युद्ध, खमू आणि करेन मजूर, हत्ती, आणि त्याच वनकायद्यांनी सह्याद्रीत काय केलं ते. हे दालन पाहिल्यावर रत्नागिरीच्या पोराला कळेल की थिबा राजा ही काही एक विचित्र, लांबची, चुकून आपल्या गावात आलेली गोष्ट नाही. मुंबईच्या एका कंपनीचा हिशोब, आणि तो चुकता केला आपल्या गावात. 2012 च्या डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन थिबाच्या समाधीवर आले होते, तेव्हा आपण गाड्यांचा ताफा बघायला गर्दी केली. ते इतक्या लांबून कशासाठी आले हे समजून घ्यायला गावात एक भिंतसुद्धा नसावी?

काही जण म्हणतील, आपल्याकडे शिवकालीन किल्ले ढासळतायत आणि तुला ब्रह्मी राजाची पडलीय. बाबांनो, किल्ल्यासाठीही हाच फलक मागतोय मी. जो गाव परक्या राजाच्या घराचा वासा मोजून घेतो त्याच्या किल्ल्याचा चिरा कोण हलवेल?

दुसरे म्हणतील, सरकार ऐकत नाही. फ्रे हे काही महानगर नाही. आपल्यासारखंच जिल्ह्याचं गाव. तिथे ऐकावं लागलं.

पुरातत्त्व खात्याला द्यायचं पत्र मी लिहायला घेतलंय. दोनच मागण्या, वर लिहिल्यात त्या. एक पान, त्याहून मोठं करणार नाही. सही करायची असेल त्यांनी नाव आणि वाडीसकट गाव कळवा. आणि कुणाच्या घरी पॅलेसचे जुने फोटो असतील, सहलीचे, लग्नाचे, कसलेही, ज्यात मागे जिना, छत, खिडक्यांच्या रंगीत काचा, जमीन दिसतेय, ते कृपया शोधून ठेवा. मागे तारीख लिहिलेली असेल तर फारच उत्तम. पत्राला ते जोडायचे आहेत.